मराठीतून इंग्रजीत गेलेलं परत मराठीत आणताना

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रावरचा एक इंग्रजी शोधग्रंथ मराठीत आणायचा आहे. सुमारे तीनशे पानं, लाखभर शब्द. विचारणारे विषय शिकवतात, पण अनुवाद पहिलाच. सुरुवात कुठून करावी, वेळ किती धरावा, प्रकाशकाशी काय काय बोलून घ्यावं?

पहिलं प्रकरण उघडून पहिल्या वाक्याचं मराठी करायला बसू नका. या प्रकारच्या पुस्तकात अवतरणचिन्हांत दिलेला बराचसा मजकूर मुळात मराठीतच लिहिला किंवा बोलला गेलेला असतो. इंग्रजी वाचकासाठी लेखकाने तो इंग्रजीत नेला. त्या इंग्रजीचं तुम्ही पुन्हा मराठी केलंत, तर जोतीराव फुले तुमच्या मराठीत बोलू लागतील, आणि ज्याने समग्र वाङ्मय एकदा तरी चाळलंय त्याच्या ते दुसऱ्या पानावर लक्षात येईल. तिथून पुढे तो तुमच्या अनुवादावर विश्वास ठेवणार नाही. म्हणून हे काम निम्मं अनुवादाचं आणि निम्मं माग काढण्याचं आहे. माग आधी काढायचा.

त्यासाठी एक तक्ता करा. साधी एक्सेलची फाईल पुरते. रकाने इतके: इंग्रजी पुस्तकातलं पान आणि ओळ, उद्धृताचे पहिले चार शब्द, तळटीपेत दिलेला स्रोत जसाच्या तसा, मुळाची भाषा, मूळ मजकूर कुठे सापडला (ग्रंथालय, आवृत्ती, पान), फोटोचा क्रमांक, आणि शेवटी 'मिळालं / मिळालं नाही / इंग्रजीच'. तीनशे पानांत अशी दीडशे-दोनशे उद्धृतं सहज निघतात. तळटीपांमधली लहान उद्धृतं सोडू नका. नेमकी तीच विसरतात. मूळ न सापडलेल्या जागी मजकुरात ## अशी खूण ठेवत चला. छापायला जाण्याआधी ती खूण एकदा शोधली की काय राहिलंय ते कळतं.

आता 'मुळाची भाषा' हा रकाना. लेखक मराठी असला म्हणजे मजकूर मराठीतच असेल असं धरून चालू नका. 'गुलामगिरी' हे १८७३ चं पुस्तक मराठी आहे, पण त्याला फुल्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली आहे आणि शिवाय वेगळी मराठी प्रस्तावनाही आहे. दोन्ही एकच मजकूर नाहीत. इंग्रजी संशोधक साहजिकच इंग्रजी प्रस्तावनेतून उद्धृत करतो. अनुवादक घाईत मराठी प्रस्तावनेतला त्यातल्या त्यात जवळचा परिच्छेद उचलून तिथे बसवतो, आणि उद्धृत खोटं होतं. हंटर शिक्षण आयोगाला १८८२ साली फुल्यांनी दिलेलं निवेदनही इंग्रजीत आहे. त्याचा अनुवादच करावा लागेल. पंडिता रमाबाईंचं 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) मराठी, तर उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं १८८७ चं पुस्तक इंग्रजी. रानड्यांचं मराठी सत्तेच्या उदयावरचं १९०० चं पुस्तक इंग्रजी. आंबेडकरांच्या बाबतीत तर एकाच वर्षात दोन्ही सापडतात: १९३६ सालचं जातिनिर्मूलनावरचं, न झालेलं भाषण इंग्रजीत, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईत झालेलं 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण मराठीत. दुसऱ्याचे इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहेत, त्यामुळे तळटीपेत इंग्रजी ग्रंथाचं नाव दिसतं आणि मूळही इंग्रजीच असा समज होतो. शासनाने काढलेल्या 'लेखन आणि भाषणे' या मालेतला अठरावा खंड, तीन भागांत, मराठी भाषणांचा आहे. तो हाताशी ठेवा.

सगळ्यात फसवी तळटीप म्हणजे देशी वृत्तपत्रांच्या सरकारी अहवालांची. मुंबई इलाख्यात १८६८ पासून सरकारचे भाषांतरकार मराठी, गुजराती वगैरे पत्रं वाचून त्यांचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला वरिष्ठांना देत. संशोधकांना तो फार सोयीचा, कारण सगळं एका जागी आणि इंग्रजीत मिळतं. पण तो गोषवारा आहे. 'दीनबंधु' या सत्यशोधकांच्या पत्राचा दोन स्तंभांचा अग्रलेख तिथे सहा ओळींत येतो, तोही सरकारी कारकुनाच्या शब्दांत. त्याचं मराठी करून अवतरणात टाकलं, की 'दीनबंधु'ने कधीच न वापरलेली भाषा 'दीनबंधु'च्या नावावर जमा होते. वर तारखेचा घोळ. कित्येक लेखक अहवालाच्या आठवड्याची तारीखच तळटीपेत देतात. अंक त्याआधीचा असतो. तेव्हा दिलेल्या तारखेला अंक सापडला नाही तर मागच्या दहा-बारा दिवसांतले अंक पाहा.

अंक सापडायचे कुठे? 'केसरी'साठी पुण्याचं केसरी-मराठा ग्रंथालय, बाकीच्यांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी, पुणे नगर वाचन मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय. जाण्याआधी फोन करून संच कोणत्या सालांचा आहे आणि बांधणी सुटलेले खंड वाचायला देतात का, हे विचारा. एकाच पत्राच्या सगळ्या तारखा एका कागदावर लिहून न्या, नाहीतर एकाच खंडासाठी तीन खेपा होतात. 'इंदुप्रकाश', 'ज्ञानोदय' यांसारख्या पत्रांत मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर असे. तिथे उद्धृत कोणत्या भाषेच्या स्तंभातलं आहे ते आधी पाहावं लागतं. दोन्हीकडे एकच विषय असला तरी वाक्यं तीच असतील असं नाही.

काही अंक मिळणारच नाहीत. 'दीनबंधु'चे पुष्कळ अंक आज उपलब्ध नाहीत. अशा वेळी इंग्रजीवरून मराठी करावं, पण अवतरणचिन्हं काढून 'अमुक पत्राचा आशय असा' अशा अप्रत्यक्ष कथनात ते घालावं, आणि तळटीपेत सरळ सांगावं की मूळ अंक मिळाला नाही, हा सरकारी इंग्रजी गोषवाऱ्यावरून केलेला अनुवाद आहे. जुन्या वळणाची मराठी रचून मूळ असल्याचा भास निर्माण करणं ही लबाडी आहे. भाषेवर हात असलेल्या अनुवादकाला हाच मोह जास्त होतो.

मूळ सापडलं की ते जसं छापलंय तसं उतरवा. 'करूं', 'नाहीं', 'आह्मी', 'ह्मणून'. एकोणिसाव्या शतकातल्या छपाईत 'म्हणून' हा शब्द 'ह्मणून' असाच दिसतो. अक्षरजुळणी करणारा तो चूक समजून सुधारतो, मुद्रितशोधक उरलेला सुधारतो, आणि एकाच परिच्छेदात दोन 'ह्मणून' आणि तीन 'म्हणून' शिल्लक राहतात. संपूर्ण जुनं ठेवा किंवा संपूर्ण आजच्या नियमांनी बदला आणि प्रस्तावनेत तसं सांगा. माझं मत जुनं ठेवण्याच्या बाजूने आहे. अनुस्वारांचा त्रास वाचकाला पहिली दहा पानं होतो, मग डोळा सरावतो. तक्त्यात उतरवलेल्या प्रत्येक उद्धृताला छापण्यापूर्वी फोटोशी पुन्हा ताडून पाहा. स्वतः टंकलेलं स्वतः वाचताना चूक दिसत नाही. एकाने फोटोवरून मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवावं.

संतवाङ्मयाच्या उद्धृतांत आवृत्तीची नोंद सोडून चालतच नाही. तुकारामांच्या अभंगांचे क्रमांक सरकारी गाथा आणि देहूची गाथा यांत वेगवेगळे आहेत. इंग्रजी लेखकाने कुठली वापरली ते तळटीपेत नसलं तर त्याच्या संदर्भसूचीत पाहा. क्रमांकावर विसंबू नका. इंग्रजीवरून अभंग ओळखा, मग गाथेतल्या पहिल्या चरणांच्या सूचीतून काढा. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचंही तेच, राजवाड्यांनी छापलेली प्रत आणि इतर प्रती यांत पाठ आणि क्रमांक दोन्ही हलतात.

मूळ आणि इंग्रजी यांचा मेळ बसला नाही तर? हे घडतंच. फुले 'शूद्रादि अतिशूद्र' लिहितात. इंग्रजीत त्याचं 'खालच्या जाती' असं होतं आणि लेखक त्या 'खालच्या'वर चार ओळींचं विवेचन करतो. मूळ परत बसवलं की ते विवेचन लोंबकळतं, कारण फुल्यांच्या शब्दात 'खालचे' काही नाही. 'भट' या शब्दातला टोमणा इंग्रजीत नुसता 'ब्राह्मण' होऊन सपाट झालेला असतो. कधी लेखकाने मधली दोन वाक्यं गाळलेली असतात आणि गाळल्याची टिंबं द्यायची राहिलेली असतात. अशा जागा गुपचूप दुरुस्त करायच्या नाहीत आणि तशाच रेटायच्याही नाहीत. दहा-पंधरा जागा साठल्या की लेखकाला एकत्र लिहा: इंग्रजी पान, मूळ मराठी, तिचा शब्दशः अर्थ, आणि तुमची सूचना. बहुतेक लेखक कृतज्ञतेने बदल मान्य करतात. लेखक हयात नसेल तर मूळ मराठी द्या, विवेचन तसंच ठेवा आणि चौकटी कंसात 'अनु.' अशी टीप जोडा.

ही परंपरा जुनी आहे, हे जाता जाता. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत १८२६ ला निघाला आणि चारेक वर्षांतच डेव्हिड केपनच्या नावाने तो 'मराठ्यांची बखर' म्हणून मराठीत आला. पुढे नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी त्यावर टीका लिहिली, ती मूळ मराठी साधनं डफने कशी वापरली याच मुद्द्यावर.

नावांचा भाग कंटाळवाणा, पण चुका तिथेच जास्त. रोमन लिपीत ण-न, ळ-ल, ट-त, ड-द यांतला फरक पुसला जातो. पां. वा. काणे यांचे 'काने' होतात, रानड्यांचे 'राणडे'. काळे, काले आणि काळ ही तीन आडनावं इंग्रजीत जवळपास एक होतात. कंपनीच्या काळातल्या कागदपत्रांची रोमन लेखनपद्धत तर वेगळीच भाषा आहे: 'कूनबी' म्हणजे कुणबी, 'वुटुन' म्हणजे वतन, 'ब्रिंजारी' म्हणजे वंजारी किंवा लमाण, आणि गावचा 'पटेल' म्हणजे आपला पाटील. गुजरातवरचं प्रकरण असेल तर मात्र पटेल हा पटेलच. 'कुलाबा जिल्हा' वाचून मुंबईचा कुलाबा समजू नका; तो आजचा रायगड, नाव १९८१ मध्ये बदललं. प्रत्येक व्यक्ती आणि गावासाठी वेगळी यादी करा, विश्वकोश किंवा चरित्रकोशातून ताडून. ती पुढे सूचीलाही उपयोगी पडते.

परिभाषेकडे आता. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संकेतस्थळावर आहेत, ते आधी पाहा. पण कोशातला शब्द डोळे मिटून उचलू नका, कारण कोश एका शब्दासमोर एक शब्द देतो आणि तुमच्या पुस्तकात चार शब्दांचं कुटुंब एकत्र नांदत असतं. काही जागा जवळून पाहू.

'एजन्सी' या संकल्पनेला 'कर्तृत्व' लावतात. मराठीत कर्तृत्ववान बाई म्हणजे काहीतरी मोठं करून दाखवलेली बाई. शोधग्रंथात मात्र विषय असतो साध्या माणसाने आपल्या परिस्थितीत स्वतःहून काही करण्याचा. तिथे 'कर्तेपण' बरं. 'हेजेमनी'ला 'वर्चस्व' लावलं की बळाने गाजवलेल्या सत्तेसाठी शब्द उरत नाही. संमतीने चालणाऱ्या सत्तेला धुरीणत्व आणि बळाच्या सत्तेला प्रभुत्व अशी जोडी ठेवली तर इटालियन विचारवंत ग्राम्शीने केलेला भेद टिकतो. 'पब्लिक स्फिअर'साठी 'सार्वजनिक क्षेत्र' सुचतं, पण वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला त्यातून सरकारी कंपन्या दिसतात. 'सार्वजनिक अवकाश' किंवा 'लोकचर्चेचं क्षेत्र' असं काही घ्यावं लागतं. 'प्रबोधन' सगळ्यात अवघड. युरोपच्या इतिहासात ते 'रेनेसान्स'साठी रूढ आहे, अनेक जण तेच 'एनलायटनमेंट'साठीही वापरतात, आणि महाराष्ट्रात समाजप्रबोधन म्हणजे तिसरंच. एकाच प्रकरणात तिन्ही येत असतील तर पहिल्यासाठी प्रबोधनकाल, दुसऱ्यासाठी ज्ञानोदय असं वाटून टाका. फक्त 'ज्ञानोदय' हे १८४२ पासूनचं मिशनरी पत्रही आहे, तेव्हा पत्राचं नाव कायम अवतरणात.

आणि 'समाज'. इंग्रजीत सोसायटी आणि कम्युनिटी वेगळे. मराठीत 'मराठी समाज', 'मराठा समाज', 'समाजसुधारणा' सगळीकडे तोच शब्द. पुस्तकाचा मुद्दाच या दोहोंतल्या ताणाचा असेल तर एकाला समाज आणि दुसऱ्याला समुदाय असं ठरवून शेवटपर्यंत पाळा. कानाला थोडं खटकेल. खटकू द्या.

शब्द ठरवताना अजून एक गोष्ट तपासा: ज्या काळाबद्दल पुस्तक आहे त्या काळच्या मराठीत ही संकल्पना कुठल्या शब्दाने चालत होती? 'सुधारलेले लोक' म्हणजे तेव्हा सभ्यतेत पुढे गेलेले लोक. त्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडा. पहिली साठ-सत्तर पानं होईपर्यंत यादी कच्ची असते. तिथे थांबा, यादी पक्की करा, झालेली पानं तिच्याप्रमाणे बदला, मग पुढे जा. पुढे बदल झालाच तर कोणत्या तारखेला केला ते यादीत लिहा.

वाक्याबद्दल. इंग्रजीतलं लांब वाक्य ओढत आणलं की मराठीत 'च्या-च्या-च्या'ची आगगाडी होते: 'पाश्चात्त्य शिक्षणाच्या प्रसाराच्या परिणामी उदयास आलेल्या मध्यमवर्गाच्या सदस्यांद्वारे स्थापन करण्यात आलेल्या संस्थांच्या कार्याच्या मर्यादा'. तोडा: 'इंग्रजी शिक्षण पसरलं तसा मध्यमवर्ग पुढे आला. त्यातल्या लोकांनी संस्था काढल्या. या संस्थांच्या कामाला मर्यादा होत्या.' वाचायला सोपं झालं. पण शोधग्रंथात तोडताना एक धोका असतो: मूळ वाक्यात 'परिणामी' होतं, आता 'तसा' आहे. लेखकाचा दावा कार्यकारणाचा होता की फक्त दोन्ही एकाच वेळी घडलं एवढाच? कार्यकारणाचा असेल तर 'त्यातून' हवं.

तसंच खात्रीच्या पातळीचं. मराठीत 'असावा', 'असेल', 'असू शकतो', 'असण्याची शक्यता नाकारता येत नाही' यांत भेद आहे. पुरावा पाहून काढलेल्या अनुमानाला 'असावा' हा फार नेमका शब्द आपल्याकडे आहे. लेखकाने जपून वापरलेली 'कदाचित'ची जागा प्रवाही मराठीच्या नादात 'आहे' होऊन बसली, की पुढचा विद्यार्थी ते सिद्ध झालं म्हणून उद्धृत करतो. दुसऱ्या अभ्यासकांची मतं सांगताना सगळ्यांना 'म्हणतात' लावू नका. दाखवतात, सुचवतात, मांडतात, गृहीत धरतात, असं प्रत्येकाचं वजन वेगळं. 'दावा करतात' जपून, मराठीत त्याला संशयाचा वास आहे.

इंग्रजीत नसलेले आणि मराठीत टाळता न येणारे दोन निर्णय आहेत. पहिला, तो की ते. इंग्रजीत टिळकही 'ही' आणि त्यांच्या घरचा गडीही 'ही'. मराठीत हात आपोआप टिळकांना 'ते' आणि गड्याला 'तो' लिहितो. न्यायाधीश 'आले' आणि साक्षीदार महार स्त्री 'आली'. जातीवरच्या पुस्तकाच्या अनुवादात हे घडणं शोभत नाही. सर्व प्रौढ व्यक्तींना आदरार्थी अनेकवचन, असा एकच नियम करा, आणि उद्धृतांत मुळात असेल ते. लोकमान्य, महात्मा, महर्षी या उपाधी मूळ लेखकाने लावल्या नसतील तर आपण पदरच्या लावू नयेत. दुसरा निर्णय, आम्ही की आपण. लेखक 'आपण पाहिलं' म्हणतो तेव्हा वाचकाला बरोबर घेतो; दोन लेखकांचा ग्रंथ असून 'हे आम्ही तपासलं' म्हणतात तेव्हा नाही. इंग्रजी सर्वनाम एकच आहे, त्यामुळे प्रत्येक जागी विचार करावा लागतो.

परक्या वाचकासाठी लेखकाने दिलेली स्पष्टीकरणं (पंढरपूर हे तीर्थक्षेत्र आहे, पाटील म्हणजे गावचा प्रमुख) लेखकाला विचारून काढून टाका. मराठी वाचकाला लागतील अशा दोन-तीन ओळींच्या टिपा मात्र घाला. तळटीपांतली इंग्रजी पुस्तकांची नावं रोमन लिपीतच राहू द्या. देवनागरीत लिहिली तर ग्रंथालयाच्या यादीत ती कुणाला शोधता येत नाहीत.

यंत्राकडून कच्चा मसुदा करून घेण्याबद्दल हल्ली सगळेच विचारतात. वर्णनाच्या परिच्छेदांत वेळ वाचतो. पण यंत्र उद्धृताचं बेधडक मराठी करतं, नावं अंदाजाने लिहितं, आणि एकाच संज्ञेला तीन पानांत तीन शब्द वापरतं. म्हणजे या कामातले जे तीन कच्चे दुवे, नेमके तेच. वापरलंत तर उद्धृतं आधी काढून त्या जागी खुणा ठेवा.

वेळ: लाख शब्दांना दिवसाला हजारप्रमाणे, आठवड्याचे पाच दिवस धरून वीस आठवडे कच्चा मसुदा. त्याआधी उद्धृतांच्या शोधाला तीन-चार महिने, नंतर स्वतःच्या दुरुस्तीला दोन, संपादनाला दोन, मुद्रितांना (प्रुफांना) दोन. नोकरी सांभाळून दीड वर्ष. प्रकाशकाला वर्ष सांगू नका.

प्रकाशकाशी बोलण्याआधी अनुवादाचा हक्क कोणाकडे आहे ते कळायला हवं. अनुवादाचा हक्क हा १९५७ च्या कायद्यात स्वतंत्र हक्क आहे, आणि तो बहुधा मूळ प्रकाशकाच्या हक्क विभागाकडे असतो. लेखकाने मेलवर 'जरूर करा' म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. पत्रात भाषा, प्रदेश, मुदत, पहिल्या आवृत्तीच्या प्रती, ई-पुस्तक धरलंय की नाही, हे सगळं लिहा. नकाशे आणि छायाचित्रांची परवानगी वेगळी मागावी लागते, मूळ प्रकाशकाने ती फक्त इंग्रजी आवृत्तीपुरती घेतलेली असते. उत्तराला महिने लागतात, तेव्हा उद्धृतांचा शोध चालू असतानाच पत्र टाका. तुमचा आणि मराठी प्रकाशकाचा करार भारतीय कायद्याखाली होईल. त्यात मुदत लिहिली नसेल तर हक्कांचं हस्तांतरण पाच वर्षांचं धरलं जातं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. अनुवादाचे स्वामित्वहक्क तुमचे, नाव मुखपृष्ठावर हवं, हे तोंडी न ठेवता लिहून घ्या. लांब मराठी उद्धृतांसाठी, विशेषतः कवितांसाठी, हे लक्षात असू द्या की हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं टिकतात आणि वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. १९६४ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२५ ला खुलं झालं.

टंकन युनिकोडमध्येच करा. मुद्रणालय जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये रूपांतर करणार असेल तर रूपांतरानंतर संपूर्ण मजकूर पुन्हा वाचायला लागेल हे गृहीत धरा. सगळ्यात आधी मोडतो तो ऱ्य. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत माणूसच बदलतो. हा ऱ्य युनिकोडमध्येही दोन प्रकारे टंकता येतो आणि पडद्यावर सारखाच दिसतो, त्यामुळे 'शोधा-बदला' केलं की निम्मेच सापडतात. 'ॲ'चंही तसंच: एक स्वतंत्र अक्षर, दुसरं अ वर चंद्र. सुरुवातीलाच सगळे एका प्रकारचे करून घ्या. मांडणी इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये होत असेल तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही देवनागरी नीट जुळवणारी सोय चालू आहे का ते विचारा. नसेल तर वेलांट्या सुटतात आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात.

मुद्रितं तीन वेळा पाहायची. पहिल्या वेळी हस्तलिखिताशी ताडून, दुसऱ्या वेळी फक्त दुरुस्त्या झाल्या का आणि दुरुस्त करताना शेजारची ओळ बिघडली का, तिसऱ्या वेळी नुसतं वरवरचं: पानांचे क्रमांक, शीर्षकं, तळटीपांचे आकडे आणि त्या त्याच पानावर आहेत का. उद्धृतांसाठी एक वेगळी फेरी फोटो समोर घेऊन. मुद्रितशोधकाला आधीच लेखी सांगा की अवतरणातल्या शब्दाला हात लावायचा नाही, आणि बाहेरच्या मजकुराला मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम लावायचे.

पुस्तकाच्या शेवटची नावांची आणि विषयांची सूची पानांचे क्रमांक पक्के झाल्यावरच करायची. ती यंत्राकडून अकारविल्हे लावून घेतली तर पुष्कळदा 'काळ' हा 'कालवा' आणि 'कावळा' यांच्या मधे येतो, कारण युनिकोडच्या संकेतक्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. मराठीत तो ह नंतर, म्हणून 'काहूर'च्याही पुढे. क्ष आणि ज्ञ हे यंत्र क आणि ज मध्ये टाकतं. आपल्याकडे ते शेवटी. मराठी क्रमवारी निवडायची सोय असेल तर निवडा, आणि तरी हाताने एकदा पाहा. डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा (एका कागदावर छापून दुमडलेला जुडगा) होतो. सूचीमुळे तीन पानं जास्त भरून नवा फर्मा सुरू होत असेल तर प्रकाशक सूचीच कापायला सांगतो, म्हणून तिच्यासाठी आठ-दहा पानं सुरुवातीपासून हिशेबात धरायला लावा. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) आपल्याकडे विनामूल्य मिळतो. छापल्यावर तीस दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथली तीन ग्रंथालयं यांना प्रती पाठवणं ही प्रकाशकाची कायदेशीर जबाबदारी आहे. पाठवल्या का, ते विचारून घ्या. ज्या ग्रंथालयांनी तुम्हाला अंक काढून दिले त्यांना एकेक प्रत तुम्ही स्वतः नेऊन द्या, आणि उद्धृतांच्या तक्त्याची छापील प्रतही बरोबर ठेवा. त्याच अंकांच्या शोधात पुढचा माणूस तिथेच येणार असतो.